एका हाकेचा दम

मालनबाई झोपलेल्या नाहीत, नुसते डोळे मिटलेत. परदेशातल्या मालागा शहरातली दुपार आहे. खिडकीची झडप ओढून घेतली आहे आणि तिच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर पडल्यात. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळं गाव जेवून निजलंय. पलीकडच्या खोलीत त्यांची लेक, केतकी, भावाचे कपडे खोक्यांत भरतेय. चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज मधूनच येतो आणि थांबतो.

"पड जरा, आई," मघाशी ती म्हणाली. "ऊन उतरलं की जाऊ किल्ल्यावर. दिगू पडला ती जागा बघायचीय ना तुला?"

बघायची तर आहे. मिरजेहून त्यासाठीच आल्यात एवढ्या लांब. दिग्विजय, त्यांचा थोरला, नोकरीपायी इथं आला. सुट्टी मिळाली की टेकडीवरच्या त्या जुन्या अरबी किल्ल्यात जाऊन बसायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तिथंच, वरच्या तटाच्या आडोशाला, त्याचं काळीज बंद पडलं. कुणाच्या लक्षात येईतो सगळं आटोपलं होतं. पण जागेचं आपलं निमित्त. मालनबाईंना दिगूला एक विचारायचंय.

त्या दिवशी इथं सकाळ सरत होती, तेव्हा मिरजेत दुपार कलली होती. त्या अशाच पडल्या होत्या. मागच्या दाराकडून हाक आली, "आई!" हुबेहूब दिगूची. त्या ताडकन उठून बसल्या, ओ अगदी ओठावर आली. पण त्यांच्या आईनं परकऱ्या वयापासून बजावलेलं, दुपारच्या एकट्या हाकेला ओ द्यायची नाही. ती माणसाची नसते. ओ दिली की ती आपल्याला घेऊन जाते. माणूस असला तर तीनदा हाक मारेल. मालनबाई पदराचा बोळा तोंडात धरून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसल्या. दुसरी आलीच नाही. दिवेलागणीला फोन आला. हे त्यांनी केतकीलासुद्धा सांगितलेलं नाही.

चिकटपट्टीचा आवाज थांबतो. भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्या रुंद होतात, त्यांच्या विटांच्या पायऱ्या होतात, आणि मालनबाई चढायला लागतात.

वर कमानीत दिगू बसलाय.

"चप्पल काढ की," तो म्हणतो. "इथं जमिनीत उभे गोटे रोवलेत. घसरशील."

"जेवलास?"

"झालं तुझं सुरू." तो हसतो. हसू तोंडावर उमटतं, पण छाती हलत नाही. "विमानातला चहा कसा होता?"

"चहा कसला, भांडी विसळल्याचं पाणी."

"भांडलीस ना त्या पोरींशी?"

"भांडते कशाला? साखर मागितली नुसती. चारदा."

दरवाजातून सरळ आत जाता येत नाही. आत शिरलं की समोर भिंत, मग वळण, पुन्हा भिंत. "आपल्या गडांसारखंच की रे हे," मालनबाई म्हणतात.

"तसंच. येणाऱ्याला पुढचं दिसू नये म्हणून." तो पुढं चालत राहतो. "मागचंही दिसत नाही."

प्रत्येक वळणावर त्याची पाठ नाहीशी होते आणि त्यांचा जीव खालीवर होतो. एका वळणापलीकडं त्यांचं मिरजेचं परसू आहे. धुण्याचा दगड, त्याच्या कडेचं शेवाळ. दोरीवर दिगूची झबली, मग चड्ड्या, मग शाळेचे सदरे, वाढत वाढत गेलेले, आणि सगळ्यांतून पाणी निथळतंय. पाण्याचा आवाज मात्र नाही. परसाच्या भिंतीवरून खाली समुद्र दिसतो, बंदरातल्या माल उचलणाऱ्या उंच याऱ्या दिसतात. मालनबाई सवयीनं ओले सदरे पिळायला घेतात आणि त्यांच्या तोंडून आपसूक ओवी निघते,

*दूरच्या माझ्या बाळा, समिंदर झाला आडवा*
*वाऱ्याच्या पदरी बाई, सांगावा मी धाडावा*

"पिळू नको," दिगू म्हणतो. "ते वाळायचे नाहीत आता."

त्या सदरा सोडून देतात.

"दिगू, मला हाक मारलीस का रे तू?"

"मारली."

"कितीदा?"

"एकदा." तो समुद्राकडं बघतो. "दुसरीला दम नव्हता, आई."

दोरीवरचं पाणी निथळत राहतं. मालनबाईंना खाली बसायचंय, पण धुण्याचा दगड तिथं नाही. तिथं आता तटाची कड आहे.

"मी ओ दिली असती तर?"

"तर मला ऐकू आली असती."

"वाचला असतास?"

"छे. ऐकू आली असती, एवढंच."

त्याच्या बोलण्यात राग नाही. बाजारात आज मेथी नव्हती असं सांगावं, तसं तो सांगतो. रागावला असता तर मालनबाईंनी त्याचे पाय धरले असते. आता धरायला काही नाही. तो उठतो आणि तटाच्या शेवटच्या वळणाआड जातो.

ऊन पांढरं पडलंय. किल्ल्यात कुणी नाही. आणि वळणाआडून हाक येते.

"आई!"

एकच.

ओ दिली तर काय होईल, हे मालनबाईंना ठाऊक आहे. खाली केतकीला एकटीला आणखी एका माणसाची खोकी बांधावी लागतील. मिरजेच्या घराचं कुलूप तिलाच काढावं लागेल. हे सगळं त्यांना लख्ख दिसतं, आणि तरी त्या तोंड उघडतात.

दिगूचा तळवा गच्चकन त्यांच्या तोंडावर बसतो.

"नको," तो म्हणतो. "आता नको."

त्या दोन्ही हातांनी तो हात ओढतात. हात नव्हेच तो, भिंत आहे. त्या डोकं झटकतात, हुंदक्यानं गुदमरतात, आणि शेवटी त्या हाताला कडकडून चावतात. आपल्या लेकराच्या बोटांना. बोटं भुसभुशीत लागतात. ती दातांखाली फुटतात.

उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर आहेत. उशी घामानं भिजलीय. जबडा ठणकतोय, जीभ जड झालीय.

पलीकडच्या खोलीतून केतकीची हाक येते. "आई?"

मालनबाई कोपरावर उठतात. त्या दुसऱ्या हाकेची वाट बघत नाहीत.

"ओ," त्या म्हणतात, आणि त्या ओबरोबर तोंडातून तांबूस, ओलसर माती पांढऱ्या उशीवर सांडते. तिच्यात विटेची एक बारीक कपची आहे.