मोटरसायकलला जागा

दरवर्षी मे महिन्यात मी बडोद्याहून रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी एक बॅग घेऊन यायचो आणि दादा मला न्यायला एसटी स्टँडवर थांबायचा. यंदा माझा कारखाना बंद पडला. सामानाने भरलेली जीप आणि मागे ट्रेलरवर बांधलेली मोटरसायकल घेऊन मी दारात उभा राहिलो.

दादाने आधी ट्रेलरकडे पाहिलं.

"ही कशाला आणलीस?"

"आता इथेच राहणार, दादा."

"आणि ठेवणार कुठे?"

मोटरसायकल सात फुटांचीही नाही. पडवी अठरा फूट आहे. ती बांधताना वडिलांबरोबर माप मीच धरलं होतं. आताही ती रिकामीच होती.

"पडवीत राहील," मी एक दोर सोडत म्हणालो.

"पडवी लागते रे. तू राहा की चार दिवस, नाही कोण म्हणतंय?"

मी जेवून निघालो. वहिनीने दरवर्षीसारखी आंब्यांची पेटी आणली. दादाने ती ट्रेलरवर मोटरसायकलशेजारी नीट बांधली आणि मी सोडलेला दोरही पुन्हा आवळला.

"पोचलास की फोन कर," तो म्हणाला.

कुठे पोचणार, ते त्याने विचारलं नाही.