एका बेटाची चौकशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी माणसाची चौकशी कशी करावी याचे वर्ग काढले, तर मी पहिल्या बाकावर जाऊन बसेन. मूळचे परभणीकडचे. तरुणपणी चिखलीत आले, लेथवर उभे राहिले, मग स्वतःचं लहानसं वर्कशॉप टाकलं. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. ते पद दुसऱ्या कुणालाच नको असल्यामुळे त्यांच्याकडे कायमचं राहिलं आहे. दोन बहिणींची आणि पुतणीची लग्नं त्यांनी जमवली, आणि तिन्ही घरं आजतागायत सुखात आहेत. पद्धत अशी, की ज्याची चौकशी करायची त्याला एक शब्द विचारायचा नाही. त्याच्या गावी जायचं, स्टँडवर चहा प्यायचा, गिरणीपाशी रेंगाळायचं आणि न्हाव्याकडे दाढी करायची. पुतणीच्या वेळी त्यांनी एकाच दिवशी दोनदा दाढी केली, कारण पहिला न्हावी मुलाकडच्यांचाच भाऊबंद निघाला.

हे गृहस्थ एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले, ते जरा खचलेले वाटले.

त्यांची मुलगी आणि मी चाकणच्या एकाच कंपनीत. ती क्वालिटीत, तयार पार्ट मोजण्याच्या मशीनवर. मी ट्रेनिंग विभागात पुस्तिका लिहिते. मशीन चालू करण्याआधी हात बाहेर काढावा, अशा अर्थाची वाक्यं मी बरीच वर्षं वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आले आहे. कंपनीच्या मालकांचा दुसरा कारखाना इंडोनेशियात, बाटाम नावाच्या बेटावर आहे. तिथे मोजमापाचा नवा विभाग उभा करायला इथून एका माणसाला आठ महिने पाठवायचं ठरलं आणि साहेबांनी मुलीचं नाव काढलं. बाटामची मंडळी चाकणला भेट द्यायला येणार होती. ती परत जायच्या आत मुलीनं हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा बॅग भरून तयारच होता. तिला जायचं होतं. इतकं, की बसमध्ये ती माझ्याशी त्या विषयावर बोलायचीच नाही, नुसती मोशीचे सिग्नल मोजत बसायची.

"ताई, पोरगीला कुठंही धाडायला माझी ना न्हाई," शेजारी चहाला हात न लावता म्हणाले. "पण तिथं मी दाढी कुणाकडं करू?"

घरात पुस्तकं जास्त असली की लोक आपल्याला जगाचा तलाठी समजतात. मी नकाशा काढला. सिंगापूर दाखवलं, त्याच्या दक्षिणेचा पाण्याचा पट्टा दाखवला, आणि बोटीनं तासाभराच्या अंतरावरचं बाटाम दाखवलं. ते ज्या प्रांतात येतं त्याचं नाव रियाऊ बेटं. प्रांतात बेटं किती, तर दोन हजारांच्या आसपास. मोजणारं खातं बदललं की आकडा बदलतो. बहुतेक बेटांवर माणूस राहत नाही. प्रांत म्हणजे मुख्यतः समुद्रच, मधूनमधून जमीन.

त्यांनी विचारलं, पाणी कुठलं? म्हटलं, मोठी नदी नाही, पाऊस मात्र जवळजवळ वर्षभर पडतो; तो तळ्यांत साठवतात आणि तेच पितात. परभणीच्या माणसाला वर्षभर पाऊस ही बातमी जरा संशयास्पद वाटली, पण त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "उद्या वर या. उद्या घराणं सांगा."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात साहेबांनीही मला तीच माहिती मागितली. पाहुण्यांच्या स्वागत समारंभात त्यांच्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास आणि राज्यकारभार यांवर मी बोलावं, भाषणात 'सागरी प्रवेशद्वार' हा शब्द दोनदा तरी यावा आणि शेवट भारत-इंडोनेशिया मैत्रीवर व्हावा, अशी त्यांची सूचना होती. त्यामुळे दिवसा मी कंपनीसाठी वाचायची आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावर जाऊन त्याची परीक्षा द्यायची. कंपनीपेक्षा वरच्या मजल्याची धास्ती जास्त होती.

घराण्याची गोष्ट तशी दणकट होती. या बेटांवर आणि समोरच्या मलाया किनाऱ्यावर मिळून पूर्वी एकच सुलतानी राज्य होतं. एक सुलतान वारला, दोन मुलं मागे राहिली आणि दोघांच्या बाजूला दोन दोन सल्लागार जमले. तोवर इंग्रज आणि डच आले. त्यांनी युरोपात बसून नकाशावर मधल्या सामुद्रधुनीतून रेघ ओढली. वरचं इंग्रजांचं, खालचं डचांचं.

"भाऊबंदकीत तिसराच वावर घेऊन गेला म्हणा," शेजारी म्हणाले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य श्रोत्यापुढे आहोत.

दुसऱ्या संध्याकाळी राणीची गोष्ट. पेन्येंगात नावाचं एक चिमुकलं बेट त्याच सुलतानानं आपल्या राणीला मेहेर म्हणून दिलं होतं. राजचिन्हं, म्हणजे काही वाद्यं आणि सोन्यात घडवलेलं एक विड्याचं पान, हीही तिच्याच ताब्यात होती, आणि रिवाज असा, की ती चिन्हं समोर नसतील तर राज्याभिषेक खरा नाही. सुलतान वारल्यावर डचांना आपल्या पसंतीचा मुलगा गादीवर बसवायचा होता. राणी चिन्हं देईना. शेवटी त्यांनी ती जबरदस्तीनं नेली. एक मोठं युरोपी साम्राज्य काही वाद्यं आणि एका सोन्याच्या विड्याच्या पानापायी अडून बसलं होतं, हे वाचून मला समारंभांबद्दल इतक्या वर्षांत प्रथमच थोडा आदर वाटला.

मुलीची आई तोवर भाकऱ्या थापत ऐकत होती. तिला डचांशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, बायकोच्या नावावर अख्खं बेट करणारी माणसं दिसतात, आपल्या इथं सातबाऱ्यावर नाव लावायचं म्हटलं तर घरात आठवडाभर कुणी बोलत नाही. शेजाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी राज्यकारभार. वर गव्हर्नर. त्याची राजधानी बाटामला नाही, शेजारच्या बिंतान बेटावर. पूर्वी हा सगळा भाग सुमात्रावरच्या रियाऊ प्रांतात होता, या शतकाच्या सुरुवातीला वेगळा झाला. त्यामुळे रियाऊची बेटं आता रियाऊ प्रांतात नाहीत. प्रांताखाली जिल्हे, त्यांच्या प्रमुखाला म्हणतात बुपाती, म्हणजे आपला भूपतीच, फक्त निवडणूक लढवून आलेला. बाटामला महापौर. शिवाय कारखान्यांसाठी एक वेगळं प्राधिकरण. बराच काळ रस्ता कुणाचा आणि जमीन कुणाची यावर ही दोन कार्यालयं एकमेकांकडे बघत बसत. शेवटी महापौरालाच प्राधिकरणाचाही प्रमुख केलं, म्हणजे भांडण एकाच माणसाच्या डोक्यात राहील.

शेजाऱ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, ही समदी वरची माणसं झाली. रात्री पोरीला ताप आला तर गव्हर्नर येनार हाय का? गल्लीत कोन असतंय ते सांगा."

गल्लीपर्यंत माझं वाचन पोचलं नव्हतं. इथे चौकशी अडली.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. फ्लेक्सवर पाहुण्यांपेक्षा साहेब मोठे होते. पाच पाहुण्यांना फेटे बांधले. त्यांत एक पन्नाशीच्या बाई होत्या, तिथल्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख, म्हणजे मुलगी गेलीच तर त्यांच्याच हाताखाली. त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. फेटेवाला थोडा विचारात पडला आणि मग त्यानं त्यावरूनच बांधला. प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला. ज्यांच्या बेटांवर नारळाला कुणी विचारत नाही, त्यांनी तो दोन्ही हातांत धरून फोटो होईपर्यंत कौतुकानं पाहिला. हा खरा शिष्टाचार. साहेबांचं प्रास्ताविक लांबल्यामुळे माझं भाषण एका वाक्यावर आलं, ते असं, की हा अनेक सुंदर बेटांचा प्रदेश असून तेथील लोक मेहनती आहेत. टाळ्या पडल्या. राणी, रेघ आणि बुपाती माझ्या पर्समध्येच राहिले.

समारंभानंतर मुलगीच मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, त्या बाईंना उद्या घरी जेवायला आणाल का? पप्पांनी सांगितलंय." म्हणजे शेजाऱ्यांनी आपला नियम मोडायचा ठरवला होता. न्हावी मिळत नव्हता, तर थेट पाहुण्यांनाच विचारणार होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा बेत होता, आणि हलालचा प्रश्न नको म्हणून सगळं शाकाहारी. पण त्याआधी पोहे आले. पोह्यांसोबत सगळे समोर ओळीनं बसले, मुलगी एका बाजूला खाली मान घालून. शेजाऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी दुभाषी.

मूळ गाव कुठलं? आजोबा काय करायचे? घर स्वतःचं की भाड्याचं? भाऊ किती, आणि एकमेकांशी बोलतात का? घरात कुणाला साखर? बाई हसतमुखानं उत्तरं देत होत्या, पण दर प्रश्नाला त्यांचं हसू थोडं सावध होत चाललं होतं. मुलं किती, असं विचारल्यावर, एक मुलगा, म्हणाल्या. काय करतो, असं शेजाऱ्यांनी विचारलं, आणि आईनं नेमक्या त्याच वेळी मुलीला पाहुण्यांना आणखी पोहे वाढायला सांगितलं.

बाईंनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, मुलगी फार गुणी आहे, पण माझा मुलगा अजून कॉलेजात आहे हो.

मी हे भाषांतर करावं की नाही यावर क्षणभर विचार केला. मग केलं. मुलीनं ओढणी तोंडावर घेतली. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं हसू बराच वेळ येत राहिलं. शेजारी मात्र गंभीरपणे म्हणाले, त्यांना सांगा, आमच्यात चौकशी अशीच करतात, मग माणूस असो की गाव. मी सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि त्यानंतर जेवण खऱ्या अर्थानं सुरू झालं. शेंगदाण्याची चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली. आमच्याकडेही शेंगदाणे मिरचीबरोबर वाटतात, म्हणाल्या. एवढ्यावर आईचं मत अनुकूल झालं. बाटामची खासियत म्हणून बाईंनी समुद्री गोगलगाईचं नाव घेतलं, ते मी 'एक प्रकारचे शिंपले' असं नरम केलं.

मग शेजाऱ्यांनी अडलेला प्रश्न विचारला, गल्लीत कोण असतं?

बाई म्हणाल्या, एरते. म्हणजे चाळीस-पन्नास घरांचा एक प्रमुख. पगार नावापुरता. नवा माणूस गल्लीत राहायला आला, की त्यानं एरतेकडे जाऊन नाव सांगायचं. पाहुणा मुक्कामी आला तरी सांगायचं, तशी पाटीच लावलेली असते. कुणाचं भांडण, कुणाचं आजारपण, गटार तुंबलं, दाखला हवा, सगळं आधी त्याच्याकडे.

"त्यांच्या गल्लीचा कोन हाय?"

बाईंनी सुस्कारा टाकला. म्हणाल्या, माझे यजमान. कित्येक वर्षं झाली, दर वेळी सोडतो म्हणतात, पण दुसरं कुणी घ्यायलाच तयार नाही.

शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर, सगळे उठून गेल्यावर, खुर्च्या गोळा करताना पाहिलं होतं. त्यांनी स्वतः उठून बाईंना भाकरी वाढली. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "खोली त्यांच्याच गल्लीत बघ म्हनाव. जा तू."

मुलगी गेली. मोजमापाचा नवा विभाग चांगला चालला आहे. पोचल्या दिवशीच ती एरतेकडे नाव सांगायला गेली आणि तिथं तिला तासभर बसवून ठेवलं. रात्री तिचा फोन आला, आणि लगेच शेजारी फोन हातात घेऊनच जिना उतरून माझ्याकडे आले. ते काका चौकशी करतायत, असं मुलगी पलीकडून सांगत होती. चिखली कुठे आहे, तिथे राज्य कुणाचं, तुमच्या भागाचा प्रमुख अधिकारी कोण.

मी उत्साहानं कागद घेतला. चिखली आधी ग्रामपंचायत, आता महापालिकेत. कंपनी मात्र चाकणच्या बाजूला, तिथलं नगराचं कार्यालय वेगळं, कारखान्यांच्या जमिनीचं महामंडळ वेगळं, आजूबाजूच्या ग्रामपंचायती वेगळ्या आणि या सगळ्यांवर पसरलेलं प्राधिकरण आणखी वेगळं. कंपनीची बस यांपैकी किती हद्दींतून जाते हे दाखवता दाखवता माझ्या बाणांनी एकमेकांना छेद दिला आणि कागद भरला. दोन हजार बेटांचं मी तीन संध्याकाळांत सांगितलं होतं.

शेजाऱ्यांनी थोडा वेळ कागद पाहिला. मग फोन कानाला लावला.

"पोरी, त्यांना म्हनाव, वरचं काही विचारू नका," ते म्हणाले. "इथला एरते तुझा बापच हाय."