विटाबाईंचं उघडं दार

आमच्या विज्ञानाच्या बाई वर्गात यायच्या तेव्हा त्यांच्या एका हातात खडू-डस्टर असायचं आणि दुसऱ्या हातात अर्धी वीट. जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून वरून सुतळीनं आवळलेली. फळ्याकडे जाण्याआधी बाई दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायच्या, वीट दाराखाली सारायच्या, पायानं दाबून बघायच्या आणि मगच "बसा" म्हणायच्या. थंडी असो, धूळ असो, बाहेर मैदानात आरडाओरडा असो, दार उघडंच. औशाजवळच्या आमच्या शाळेत त्यांना खऱ्या नावानं फक्त मुख्याध्यापक हाक मारत, तीही सही हवी असली तर. बाकी सगळ्यांच्या त्या विटाबाई. हे नाव त्यांनाही ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर विटेचं चित्र काढून खाली 'प्रसन्न' असं लिहिलं. बाईंनी ते पुसलं नाही. त्याच विटेची लांबी-रुंदी घालून घनतेचं गणित दिलं आणि सगळ्या वर्गाकडून सोडवून घेतलं. हसणारे रडकुंडीला आले.

वीट ही तर नुसती सुरुवात होती. बाईंचं खरं वेड म्हणजे कवायत. शाळेची बेल सलग वाजत राहिली की दप्तरं जागेवर सोडून, न पळता, न बोलता, रांगेनं मैदानावर जायचं. पाचवीची पोरं आधी, मग वरचे वर्ग. प्रत्येक वर्गात एकाला 'शेवटचा' किंवा 'शेवटची' नेमलेलं असे. सगळे बाहेर पडले की त्यानं बाकांखाली वाकून बघायचं, दाराशी यायचं आणि ओरडायचं, "रिकामी!" खोली रिकामी झाली, आत कुणी राहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द कानावर पडल्याशिवाय बाई दाराची फळी हातातून सोडत नसत.

दहावीची शेवटची मी होते. मी खो-खोच्या संघात, आणि पळण्यात शाळेत मला कुणी गाठत नव्हतं, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कुणी सांगत नाही. मला हा नेमणुकीचा मान अपमानासारखा वाटला. मी बाईंना तोंडावर विचारलं, "बाई, समद्यात जोरात मी पळते, आन् मलाच मागं ठिवायलाव?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "जिला पळता येतं, तिनंच थांबावं. हळू चालणाऱ्यानं कशाच्या जिवावर थांबायचं?"

मी थांबायला शिकले. पायांना ते कधीच पटलं नाही.

मोठ्या सरांचं, म्हणजे मुख्याध्यापकांचं, वेड निराळं होतं. त्यांना सत्कारांचा नाद. त्यात त्यांचंही काही चुकत नव्हतं. लातूरच्या क्लासेसची पोस्टरं आमच्या फाटकापर्यंत येऊन चिकटलेली, शाळेचा पट वर्षागणिक घसरत चाललेला. पोरं टिकवायची तर शाळेचं नाव व्हायला हवं. फाटकाजवळच्या फलकावर ते स्वतः रंगीत खडूनं आमची यशं लिहीत. त्या वर्षी फलकावर जागा पुरत नव्हती. खो-खोच्या मुली विभागाला गेलेल्या, शिष्यवृत्तीत पोरं चमकलेली, आणि सोयाबीनच्या भुसापासून केलेल्या द्रोणांना विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्याचं बक्षीस. ते द्रोण बाईंनीच आमच्याकडून करून घेतलेले. सर द्रोण दाखवायला पाहुण्यांना हाताला धरून नेत आणि कवायतीचं नाव काढलं की तोंड फिरवत.

त्यातून तपासणीचा तो प्रकार घडला. खात्याचे पाहुणे कार्यालयात चहा घेत बसले होते आणि बाईंच्या कवायतीची वेळ झाली. बेल सलग वाजायला लागली तसे पाहुणे जे सुटले ते थेट मैदानातल्या लिंबाखाली. एका साहेबांची चप्पल उंबऱ्यातच राहिली. आमच्या रांगा मात्र शांतपणे येऊन उभ्या राहिल्या आणि घाम पुसणाऱ्या साहेबांकडे बघू लागल्या. पाचवीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, मग काय, सगळी शाळाच हसली. दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंच्या हातात मेमो ठेवला.

"कवायत बंद म्हणजे बंद," सर म्हणाले.

"बेल बंद करते सर," बाई म्हणाल्या आणि मेमोवर सही करून टाकली.

बाईंनी शब्द पाळला. बेल पुन्हा वाजली नाही. फक्त शाळा सुटताना आम्ही रोज रांगेनं बाहेर पडू लागलो, आणि शेवटच्यानं 'रिकामी' हळू आवाजात म्हणायचं ठरलं.

त्या हिवाळ्यात जमिनीतून आवाज यायला लागले. आमच्या भागाला हे नवं नाही. कुठंतरी खोल गडगडतं, मांडणीतली भांडी किणकिणतात, बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून अंगणात येतात. दुसऱ्या दिवशी तहसिलीतून सांगणं येतं की नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ते वाचल्यावर खरी भीती वाटायला लागते. मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या वर्गातलं कुणी जन्मलंही नव्हतं, पण आमच्या आया अजून झोपेत दचकून शेजारच्या पोरांना हात लावून बघत. त्या दिवसांत बाई शिकवता शिकवता मधेच थांबायच्या आणि तळहात टेबलावर सपाट ठेवायच्या. आम्हीही श्वास धरायचो. मग बाई म्हणायच्या, "ट्रॅक्टर हाय," आणि पुढचं समीकरण लिहायच्या. एरवी पुस्तकासारखं बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी घरची बोली यायला लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्या आतून किती भ्यालेल्या आहेत.

सत्कार अशाच दिवसांत ठरला. संस्थेचे सचिव यायचे होते आणि सरांना त्यांच्याकडून नव्या खोल्या मंजूर करून घ्यायच्या होत्या. तीन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं काढून हॉल केला, टेबलं जोडून वर जाजम टाकलं आणि त्याचं स्टेज केलं. हॉलला दोन दारं. एक पुढचं, पालक-पाहुण्यांचं. दुसरं बाजूचं, मैदानाकडं उघडणारं. आम्ही सजावट उरकून बघतो तर मंडपवाल्यानं पाहुण्यांचा सोफा नेमका बाजूच्या दाराला लावलेला, आणि दारावर शाळेच्या यशाचं भलंमोठं बॅनर ताणून बांधलेलं.

बाई हातात वीट घेऊन त्या बॅनरसमोर उभ्या राहिल्या. "सर, हे दार मोकळं पायजे."

"बाई, सचिव फाटकात आलेत."

"येऊ द्या. सोफा तिकडं सरकवा."

"आजच्या दिवस अपशकुन करू नका हो," सर कळवळून म्हणाले. "हात जोडतो."

बाईंनी वीट खाली ठेवली आणि सोफ्याचा एक कोपरा धरून ओढायला लागल्या. एकट्यानं तो हलण्यासारखा नव्हता. आम्ही खो-खोच्या मुलींनी एकमेकींकडं बघितलं आणि दुसरी बाजू उचलली. मी बॅनरच्या गाठी सोडल्या. सरांचा चेहरा उतरला. सचिव आत आले तेव्हा सोफा तिरका पडला होता, बॅनर अर्धं लोंबत होतं आणि बाई उघड्या दारात फळी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, बाईंची नोकरी आज जाते. सरांच्या डोळ्यांतही तेच दिसत होतं.

"मॅडम, बसा की," सचिव म्हणाले.

"मी इथंच बरी हाय साहेब."

कार्यक्रम सुरू झाला. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक लांबलं. हॉल गच्च भरलेला, आई बायकांमध्ये मधोमध बसलेली. माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर चढले, सचिवांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं, फोटोवाल्यानं "इकडं बघा" म्हटलं. मी बघितलं, आणि माझ्या तळपायांना कळलं. मग आवाज आला. भरलेला ट्रक फरशीखालून जावा तसा. टेबलावरच्या बक्षिसांच्या ढाली एकमेकींवर आपटल्या, पंख्याचा दांडा झोके घेऊ लागला आणि पार्टिशनच्या चौकटीतून चुन्याची भुकटी सांडली.

मग मोठी माणसं उठली आणि सगळीच्या सगळी पुढच्या दारावर गेली. तिथं खुर्च्या आडव्या पडल्या, त्यात माणसं अडकली, कुणीतरी किंचाळलं. त्या गोंधळावरून बाईंचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच. "पाचवी."

पाचवीची पोरं उठली. रांगेनं, न पळता, बाजूच्या दारानं निघाली. "सहावी." सहावी निघाली. सातवीतली एक मुलगी रडत होती, पण रांगेतून रडत होती. ते बघून काही पालकही पुढच्या दाराचा नाद सोडून पोरांच्या मागं लागले. मोठ्या सरांनी एका म्हाताऱ्याला धरून त्याच दारानं बाहेर काढलं. धक्का थांबला होता, पण पुन्हा येईल का कुणाला माहीत? मी स्टेजवर उभी होते. दार माझ्यापासून दोन झेपांवर होतं. माझे पाय मला शिव्या देत होते. बाहेरून आईचा आवाज येत होता, "अगं ये की भाईर! काय करायलीस आत?"

दहावी निघाली. पुढच्या दारातली गर्दीही बाहेर पडली होती. हॉलमध्ये मी एकटी. मी खुर्च्यांमधून वाकून बघितलं, कोपरे बघितले, स्टेजमागच्या पडद्याआड बघितलं आणि दाराशी येऊन ओरडले, "रिकामी!"

बाईंनी फळी सोडली नाही.

"बाई, रिकामी. चला."

त्या माझ्याकडं बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नव्हते. बोटं पांढरी पडली होती. "पलंगाखाली बघितलंस का?"

"पलंग?" हॉलमध्ये कुठला पलंग?

"तो तिथंच लपतोय. पलंगाखाली बघ आधी."

जमिनीतून पुन्हा गुरगुर झाली. आई बाहेर माझ्या नावानं टाहो फोडत होती. बाईंना हाताला धरून ओढावं असं एकदा मनात आलं. पण त्या कवायतीत मी एवढं शिकले होते की बघितल्याशिवाय 'रिकामी' म्हणायचं नाही. मी परत आत गेले. स्टेजपाशी गुडघ्यांवर बसले, जाजम वर केलं आणि टेबलांखाली पार टोकापर्यंत डोकं घालून बघितलं. एक ढाल पडली होती आणि कुणाची तरी एक चप्पल.

दाराशी आले आणि त्यांच्या अगदी समोर उभं राहून म्हणाले, "बाई, पलंगाखाली कुणी न्हाई. म्या नीट बघितलं. समदे भाईर हायत. रिकामी."

बाईंचा श्वास सुटला. मग फळीवरचा हात सुटला. आम्ही दोघी पायऱ्या उतरून मैदानात गेलो, न पळता.

इमारतीला काही झालं नाही. पुढच्या दारात दोघातिघांना खरचटलं, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या आणि घाबरून जाऊ नये असं पुन्हा सांगण्यात आलं. बाईंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. परीक्षानळ्या धुता धुता, माझ्याकडं न बघता सांगितलं. "धाकटा भाऊ होता माझा. रागावलं की पलंगाखाली जाऊन बसायचा. भूकंपाच्या त्या पहाटं आम्ही समदे भाईर आलो, दार मागं लागलं आन् वरून भिंत आली. आत कोण राहिलं ते कुणी बघितलंच न्हाई." मग नळी उजेडात धरून म्हणाल्या, "ही नीट निघाली नाही बघ. पुन्हा घास." मी घासली.

मोठे सर आठवडाभर बाईंसमोर आले नाहीत. मग एका दुपारी वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, बेल कधी वाजवायची ते सांगा. शिपायाला सांगून ठेवतो." जाताना त्यांनी पायानं वीट जरा आत सारली, घट्ट बसली का ते बघितलं आणि निघून गेले.

मी आता लातूरला नर्सिंगला आहे. दहावी झाल्यावर शाळेत टी.सी. आणायला गेले तेव्हा कळलं की बाईंची संस्थेच्या देवणीच्या शाळेत बदली झाली आहे. शाल-नारळ होऊन गेलं होतं, बाई आवराआवर करत होत्या. पिशवीत डबा, पुस्तकं, नारळ. आम्ही आमच्या वर्गापाशी आलो. वीट दाराखाली होती.

"बघ गं, कुणी राहिलंय का," बाई म्हणाल्या.

सुट्टीतल्या रिकाम्या वर्गात कोण राहणार होतं? तरी मी आत गेले, प्रत्येक बाकाखाली वाकून बघितलं. माझ्या जागेखालीसुद्धा. परत आले. "रिकामी," म्हणाले.

बाईंनी वाकून वीट काढली, धूळ झटकली आणि पिशवीत ठेवली. मी सवयीनं त्या पुढं होण्याची वाट बघत उभी राहिले.

"आज तू आधी नीघ," त्या म्हणाल्या. "जोरात पळ. शेवटची मी हाय."

मी निघाले. पायऱ्या उतरत होते तेव्हा पाठीमागं दार लागल्याचा आवाज आला. बाईंच्या हातानं लागलेलं दार मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.