मालेगावातून एक भेट

आधीच सांगून टाकते: सरांचं वेबसाइटवरचं पान माझ्या हातानं गेलं. तेही नीट यादी करून, चहा पीत पीत.

मी पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओचं काम मालेगावात बसून करते. आमचं मालेगाव वाशिम रोडवरचं, नाशिककडचं नव्हे. हे स्टुडिओत मला दर मीटिंगला सांगावं लागतं. घराची वरची खोली, खाली वडिलांचं बियाण्यांचं दुकान आणि दिवसभर मोटरसायकलींचे हॉर्न. गेल्या वर्षी याच खोलीत एका मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयाचं काम आलं. वेबसाइट नवी करायची, बोधचिन्ह नवं, रंग, अक्षरं, तिकिटापासून पिशवीपर्यंत सगळं. जुनी वेबसाइट म्हणजे निव्वळ अडगळ होती. नाकानं कांदे सोलत मी कामाला लागले.

बोधचिन्ह माझंच मंजूर झालं. एक रिकामी चौकट, पट्टी न लावता हातानं काढलेली. कोपऱ्यापाशी रेघ किंचित थांबते आणि मग वळते. संग्रहालयाच्या लोकांना ती फार आवडली. अशी रेघ कुठं शिकलात, असं एकानं विचारलं, तर मी म्हणाले, सवय आहे. सवय कसली! शाळेत ड्रॉइंगचे सर आमच्या पट्ट्या जमा करून टेबलावर ठेवायचे आणि पानभर सरळ रेघा काढायला लावायचे. रेघ वाकडी आली तर चालेल, घाबरलेली नको, म्हणायचे. एलिमेंट्रीच्या परीक्षेला वाशिमला जाताना एस.टी.त त्यांनीच आमच्या पेन्सिलींना टोक काढून दिलं होतं. त्या दिवशी मी त्यांचा साधा उल्लेखही केला नाही.

सर एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगायचे. तरुणपणी त्यांचं एक चित्र मोठ्या शहरातल्या संग्रहालयानं घेतलं होतं. त्यात त्यांची बायको अंगणात सुपानं ज्वारी पाखडते आहे, पाठमोरी. ऐकून ऐकून आम्ही विटलो होतो. सरांचं चित्र अजून एस.टी.तच आहे, असं एकदा मीच वर्गात म्हणाले आणि सगळे खो-खो हसले. सरही हसले होते. ते चित्र खरंच कुठं असेल, हे मला कधी शोधावंसं वाटलं नाही.

जुन्या साइटवर चित्रांची पानं बेसुमार होती. कुठली ठेवायची हे ठरवायला मी भेटींचे आकडे काढले: कोणतं पान किती वेळा आणि कुठून उघडलं गेलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम करताना आपणच साइट शंभरदा उघडतो, तेव्हा आपल्या भेटी मोजणीतून वगळायच्या. पुण्याच्या मंडळींनी आपापलं ऑफिस वगळलं. मी अख्खं मालेगाव वगळलं. म्हटलं, इथून कलासंग्रहालयाची साइट माझ्याशिवाय कोण उघडणार? मग ज्या पानांपुढं शून्य उरलं ती क्रमांकानं निवडली आणि काढून टाकली. नावं वाचली नाहीत. चुकून कुणी तिथं आलंच, तर दिसायला माझी रिकामी चौकट ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली: इथं काही नाही, पुढं बघा. स्टुडिओत त्या ओळीचं कौतुक झालं.

साइट सुरू झाली आणि वडिलांनी गावभर केलं. शाळेनं सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण. सर आता रिटायर होऊन किन्हीराजाला राहतात. तिथून बसनं आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला.

“बाई, माह्यं पान दिसून नाही राह्यलं. माह्याच हातून काई चुकते काय?”

मोबाइलवर माझी चौकट होती. खाली माझी ओळ. मग त्यांनी सांगितलं, पुतण्यानं ती साइट शोधून दिली तेव्हापासून रोज सकाळी सातच्या चहाला ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, मिळून ते पान उघडायचे. काकू स्वतःची पाठ बघायच्या आणि सूप तिरकं धरलं होतं म्हणायच्या. चित्राचा दुसरा फोटो घरात नाही. पारावर कुणी चेष्टा केली की सर मोबाइल पुढं करायचे, मग माणूस गप्प व्हायचा. ते बोलत होते आणि माझ्या अंगावरची शाल मला सोसवेना.

“रेघ मात्र तुही हाय. मी पाहताच वळखली,” सर म्हणाले.

मी चक्क खोटं बोलले. साइट नवी आहे, काम चालू आहे, चार दिवसांत येईल पान, असं सांगितलं. त्यांना ते पटलं.

घरी येऊन मी वगळलेलं मालेगाव मोजणीत परत घेतलं. सरांच्या पानापुढं रोजची एक भेट होती, सकाळी सातची, एकही दिवस न चुकलेली. किन्हीराजाचा मोबाइलही त्या यादीत मालेगाव म्हणूनच पडतो. संग्रहालयातल्या नावाजलेल्या चित्रांनाही इतका इमानी बघणारा नव्हता. मला माझीच लाज वाटली. लगेच संग्रहालयाला लिहिलं. उत्तर नम्र आलं: चित्र कोठारात आहे, नव्या नियमाप्रमाणं नवा फोटो काढल्याशिवाय पान होणार नाही, आणि त्याचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. तो नियम मीच सुचवला होता, सगळी पानं एकसारखी देखणी दिसावीत म्हणून.

जुन्या साठ्यातला फोटो शोधून मी सरांना पाठवला. त्यांचा फोन आला. काकूंनी पाहिला, म्हणाले. पण यावर संग्रहालयाचं नाव नाही, लोकांना कसं पटेल, असं त्यांनी हळूच विचारलं. न पटणाऱ्यांत पहिली तर मीच होते.

दुसऱ्या दिवशी किन्हीराजाला गेले. काकूंनी चहा ठेवला. ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं, मालेगाव का वगळलं तेसुद्धा. सर मान खाली घालून ऐकत होते.

“पोट्टे हसत होते, ते ठीक हाय,” ते म्हणाले. “पन इथून कोनी पाहत असन, असं तुले बी नाही वाटलं?”

पान परत आणते, एवढंच मी म्हणाले. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं बरं म्हणाले आणि फाट्यापर्यंत सोडायला आले.

तेव्हापासून मी संग्रहालयाला पत्रं लिहिते आहे. चित्राचा नंबर अजून लागलेला नाही. रोज सकाळी आकडे उघडते. सात वाजले की मालेगावातून एक भेट येते. चौकटीवर थोडी थांबते आणि जाते. फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहे, तरी सर ते पानच उघडून पाहतात, कारण आणते असं मी म्हणाले होते.