दाब म्हणतोय

ब्रेक मी दाबला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा ह्या एका वाक्यावरून झाला.

त्या मंगळवारी सकाळी आमची जुनी व्हॅन मी अंगणात वळवत होते. लायसन्स मिळून महिनाच झाला होता, पण अंगणात गाडी वळवण्याइतकी अक्कल मला नक्की होती. गोठा जवळ आला, मी ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला, लोण्यात बोट जावं तसा. गाडी काही थांबली नाही. गोठ्याच्या कडेची लाकडी मेढ आडवी झाली, एक पत्रा तिरका झाला, आणि आमची गाय माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच ओशाळले. कुणाला साधं खरचटलंही नाही.

नवरा धावत आला. आधी त्यानं गाडी बघितली, मग गाय, मग मी.

"अगं, डावीकडं क्लच अस्तो. तू क्लच दाबला."

"मी ब्रेकच दाबला."

"ब्रेक दाबला अस्ता तर गाडी थांबली अस्ती की!"

मग साहेब स्वतः बसले, गाडी मागं घेतली, ब्रेक मारला आणि गाडी गपकन थांबली. "बघ," म्हणाला. मी बघितलं आणि पेटले.

एवढ्यावर मिटलंही असतं. पण त्याच संध्याकाळी त्यानं कोल्हारला माझ्या भावाला फोन लावला. रविवारी भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. आणि मी भावाला आठ दिवस आधीपासून ऐकवत होते की ह्या खेपेला मी एसटीनं नाही, स्वतः गाडी चालवत येणार. वहिनीनं तर सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. आणि हा पठ्ठ्या फोनवर खो खो हसत म्हणतो, "तुमच्या ताईनं क्लचला ब्रेक समजून गोठा पाडला. रविवारी मांडव रस्त्यापास्नं जरा लांब घाला!" भावाचं हसणं मला चुलीपाशी ऐकू आलं.

माहेरी! माझ्या माहेरी माझी अशी शोभा! मी तिथंच ठरवलं. ज्या माणसांपुढं ह्यानं माझं हसं केलं, त्यांच्यापुढंच "तिनं ब्रेकच दाबला होता" असं हा म्हणत नाही, तोवर ह्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या घरात अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. उलट दुप्पट बोलणं होतं, फक्त सगळं सासूबाईंच्या पत्त्यावर. "आई, त्यांना सांगा, जेवायला वाढलंय." "आई, तिला म्हणावं, कालवणात मीठ न्हाई." आम्ही तिघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर. सासूबाई मान इकडून तिकडे वळवून सगळं पोचवायच्या. कंटाळायच्या नाहीत. मला तर वाटतं, त्यांना त्यात मजाच यायची.

शुक्रवारी नवरा बाजारातून गाडी घेऊन आला तो घामाघूम. अंगणात बराच वेळ पाय आपटून त्यानं ती कशीबशी थांबवली.

"आई, तिला सांग, ब्रेकमधी हवा शिरलीय. पायडल पार नरम झालंय. उद्या घरीच हवा काढतो."

माझे कान टवकारले. "आई, त्यांना विचारा, हवा मंगळवारी नव्हती का?"

"तिला सांग, कालच शिरली."

बरं. कालच म्हणे!

शनिवारी सकाळी तो मोटरसायकलवर जाऊन ब्रेक ऑइलची बाटली घेऊन आला. सासूबाई दारातच आडव्या. शनिशिंगणापूर आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शनिवारचे नियम आमच्याकडे जरा जास्तच कडक. शनिवारी विकतचं तेल घरात येत नाही म्हणजे येत नाही.

"आई, हे खायचं तेल न्हाई. गाडीचं हाय."

"तेल ते तेल. महाराजांना काय वास घेऊन सांगायचं का, कुठलं हाय ते?"

दुसऱ्या दिवशी बारसं, म्हणजे थांबायला सवड नव्हती. शेवटी बाटली बांधाबाहेर लिंबाखाली राहिली आणि तेल गाडीकडे येईना म्हणून आम्ही गाडी तेलाकडे नेली. मी स्टिअरिंगवर, नवरा मागून लोटतोय, आणि सासूबाई चाकापुढं टाकायला दगड घेऊन शेजारून चाललेल्या. आमचा हा ब्रेक मात्र एकदम चोख होता.

हवा काढायचं काम तसं सोपं आहे, फक्त माणसं दोन लागतात आणि ती एकमेकांशी बोलणारी लागतात. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा शिरली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, हवाच दबून जाते. म्हणून एकानं पायडल तीन-चार वेळा दाबून घट्ट धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा बारका नट सैल करायचा, की तेलाबरोबर हवा बाहेर पडते. नट पुन्हा आवळला की मगच पहिल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मुसळ केरात.

नवरा मागच्या डाव्या चाकापाशी आडवा पडला. नटाला त्यानं गायीच्या आजारपणातली उरलेली सलाईनची नळी जोडली, तिचं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडलं. मी सीटवर. मधे खुर्ची टाकून सासूबाई, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप.

"आई, तिला म्हणावं, दाब."

"दाब म्हणतोय."

मला पहिल्यांदाच ऐकू आलेलं असायचं. पण कायदा तो कायदा. सासूबाई बोलल्याशिवाय मी पाय हलवत नव्हते.

"धर म्हणावं."

"धर म्हणतोय."

नळीतून बुडबुडे निघायचे, पाय खाली जायचा, तो नट आवळायचा.

"सोड म्हणावं."

"सोड म्हणतोय."

असं पाच-सहा वेळा छान चाललं. मग मी पाय दाबून धरलेला, त्यानं नट सैल केलेला, आणि सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षांत ह्या बाईनं मला "जरा टेक" म्हटलेलं नाही. नेमकी आजच माया दाटून आली.

"पाय लई भरून आला आसंल गं. सोड जरा."

मी सोडला.

"आरं देवा!" चाकाखालून ओरडा. "कुनी सोड म्हन्लं? सगळी हवा माघारी गेली!"

"मी म्हन्ले," सासूबाई म्हणाल्या. "सून हाय माजी. मशीन न्हाई."

भरून आलं मला. पण पायडल पहिल्यापेक्षा नरम झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात नवऱ्याला अवदसा आठवली.

"आई, तिला इचार, पाय ब्रेकवरच हाय ना? का क्लचवर?"

नट सैल होता, नळी निसटलेली होती आणि तो तिथं तोंड घालून बघत होता. मी पायात होता नव्हता तेवढा जोर एकवटून ब्रेक दाबला. तेलाची चिळकांडी थेट त्याच्या मिशीवर.

"आई, त्यांना सांगा, क्लच दाबून मिशी भिजत नाही."

तो तोंड धूत, थुंकत आला. सासूबाई हसून हसून शेंगा सांडत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आन् काय रं, आता ही गाडी नीट झाली म्हंजी तू बी एकदाच पाय दाबनार का?"

"म्हंजी?"

"संक्रांतीला मला शिंगणापूरला नेलं, तवापास्नं बगते की. थांबायचं झालं की तू दोनदा पाय आपटतो. पैला नुस्ता, दुसरा जोरात. मला वाटलं, ह्या गाडीची रीतच हाय."

पाना त्याच्या हातातच राहिला.

संक्रांत होऊन दोन महिने झाले होते. दोन महिने ह्या माणसाला ठाऊक होतं की पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. पायाला सवय झाली, बायकोला सांगायचं राहिलं. आणि मंगळवारी मला "बघ" म्हणून दाखवताना त्याचा पाय दोनदा आपटला असणार, आणि मी वेडी गाडीकडं बघत होते!

"आई, तिला सांग..." तो हळूच म्हणाला.

"न्हाई सांगनार. दाब-सोड सांगीन. हे तुझं तू बग."

पुन्हा चाकामागं जाऊन आडवा झाला. चारी चाकांची हवा निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी ब्रेक दाबला तर तो वरच्यावर थांबला, दगडासारखा. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही सांगायला सोय नव्हती.

रविवारी पहाटे गाडी धुऊन झाल्यावर, नव्या पांढऱ्या शर्टात, तो प्रत्येक चाकामागं वाकून गळती बघून आला. मग मुकाट्यानं किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

कोल्हारपर्यंत मी गाडी चालवली. भावाच्या दारात सगळी आळी जमली होती. भाऊ दोन्ही हातांत एक मोठा दगड घेऊन नाचतच पुढं आला. "थांबा, थांबा! ताई आली! चाकापुढं दगड लावू द्या, मांडव वाचवा!" बायका पदराआड हसत होत्या. मी मांडवापासून हातभर अंतरावर ब्रेक दाबला. एकदाच. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पण हसणं थांबेना.

नवरा खाली उतरला. भावाच्या हातातला दगड त्यानं काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "दगड मला हाना. मंगळवारी तिनं ब्रेकच दाबला हुता. तो नरम हाय हे मला दोन महिन्यांपास्नं म्हाईत हुतं, मीच सांगितलं न्हाई. वर खोटं बोललो."

हसणं बंद. पाच दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याकडं सरळ बघितलं. दगड घेऊन उभा होता, आणि त्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर कोपरापर्यंत काळा डाग.

"अहो," मी म्हणाले, "बाही बघा आधी. दुसरा शर्ट घाला, मग मांडवात या."

त्यानं बाही बघितली. मग सवयीनं मागं वळला.

"आई, तिला सांग, दुसरा न्हाई आणला."

गाडीतून उतरता उतरता सासूबाई म्हणाल्या, "न्हाई आणला म्हणतोय."