हुंगून ठीक म्हटलेली एकवीस घरं

माझा मामा चाळीस वर्षं गॅसच्या शेगड्या आणि रेग्युलेटर दुरुस्त करतोय. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून तो कुठल्या मजल्यावर गॅस गळतोय ते सांगतो, अशी त्याची ख्याती. तिच्यातली निम्मी त्यानेच पसरवलेली, पण उरलेली खरी होती.

कोणी टाकी गदगदा हलवताना दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. "टाकी अर्धी झाली म्हणून दाब अर्धा होत नाही," तो ऐकवायचा. "आत पातळ गॅस आहे तोवर त्याची वाफ होत राहते आणि दाब टिकतो. थंडीत उतरतो, उन्हात चढतो, एवढंच. तो दाब थेट शेगडीला दिला तर भुवया जागेवर राहतील का? म्हणून मध्ये रेग्युलेटर. त्यातला रबरी पडदा वरखाली होतो आणि शेगडीला झेपेल तेवढंच पुढे सोडतो. ज्योत मंदावली तर टाकीला कशाला बडवता? बर्नर बघा, नळी बघा, रेग्युलेटर बघा."

गेल्या हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला आणि त्यानंतर वास येईनासा झाला. हे फक्त मला माहीत होतं, कारण दवाखान्यात त्याच्याबरोबर मी होते. "मामीला बोललीस तर बघ," त्याने दम भरला. वास न येणाऱ्याला गळती शोधायला कोण बोलावणार? मीही तोंड शिवून बसले. चुकलंच माझं.

सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं, हा साधा उपाय होता. पण "साबण नवशिक्यांनी लावावा" असं जन्मभर मिरवलेला माणूस आता ब्रश कसा काढणार? तो टाकीपाशी वाकायचा, डोळे मिटून दोनदा हुंगायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे." नाटक अगदी बेमालूम.

घरची ज्योत मंद झाली म्हणून मामी महिनाभर कुरकुरत होती. "उद्या बघतो," मामा म्हणायचा.

एका दुपारी मी आणि मामी भाजी घेऊन आलो, तर दारातच गॅसचा भपकारा आला. आत मामा चहाचं भांडं शेगडीवर ठेवून, लायटर हातात घेऊन उभा. मामीने पिशवी टाकली आणि धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"अहो, वास येत नाही का?"

मामाने लायटर तिच्या हातात दिला. तिला कळलं. तिने टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मी दिव्याच्या बटणाकडे वळताच माझ्यावर ओरडली. हे सगळं त्याच्याकडूनच शिकलेली.

घर मोकळं झाल्यावर मामाने स्वतः साबण कालवला आणि टाकी क्षणभर उघडली. रेग्युलेटरच्या बारीक भोकातून फेस फुगत आला. महिनाभर विरत आलेला पडदा आज पुरता फाटला होता. मामा खाली बसला आणि तापापासून वास येत नसल्याचं त्याने कबूल केलं.

"ताप उतरल्यापासून नुसतं हुंगून किती घरांत ठीक आहे म्हणालात?" मामीने विचारलं.

तो बोटांवर मोजत गेला. "एकवीस."

मामी चिडेल असं वाटलं होतं, पण तिने साबणाची वाटी उचलली आणि चपला घातल्या.

"चला."

"लोकांना सांगू काय?"

"खरं ते. हुंगायला मी आहे."

लगेच निघालो. काहींनी तोंड वाकडं केलं. एका बाईंनी तर दारच लावून घेतलं, मग मामीने ते पुन्हा उघडायला लावलं. दहा घरं नीट निघाली. अकरावं घर शिंप्याचं. स्वयंपाकघरातच झोळीत त्याची तीन महिन्यांची नात झोपली होती. मामीने हुंगलं आणि नळीकडे बोट दाखवलं. मामाने नळीच्या सांध्याला ब्रश लावला आणि एक बारका बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

मामाने सांधा आवळला. साबण पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा लावला. बुडबुडा आला नाही. शिंप्याला त्याने सगळं सांगितलं, हात जोडले आणि बाहेर जिन्यावर बसून हमसून हमसून रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मामी त्याच्याशेजारी बसली. त्याचं रडणं ओसरेपर्यंत वाटी मांडीवर धरून होती.

"उठा," ती म्हणाली, "अजून दहा राहिलीत."