माजरीचा कालू

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण एवढी हुरहूर कुठल्याच तपासात लागली नव्हती. माणसांची नावं देत नाही. कुत्र्याचं देतो, त्याची हरकत नसावी. त्याचं नाव कालू.

मी तेव्हा माजरीला ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना कोळसा खाणीतल्या एका कामगाराची बायको आली. कुत्रा हरवल्याची तक्रार घ्या म्हणाली. ठाणे अंमलदार हसू दाबू लागला. बाई चिडल्या नाहीत. नवऱ्याचे दोन्ही कान तापात गेले होते. तो खाणीच्या जमिनीवरच्या कामावर पायी जायचा आणि त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक सारखे धावतात.

"मागून ट्रक आला का कालू यायले अंगानं ढकलून कडेले नेते, साहेब," बाई म्हणाल्या. "कालू नाई तं मी यायले ड्युटीवर कशी पाठवू?"

अंमलदाराने स्टेशन डायरी ओढली आणि नोंद घेतली. कालूचा फोटो आजूबाजूच्या ठाण्यांच्या ग्रुपवर टाकला. असले काळे कुत्रे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, अशी उत्तरं आली. कामगार रजा टाकून घरी बसला आणि रजा भराभर संपू लागली.

मग एकदा चहा पिताना आमच्या हवालदाराने गंमत म्हणून एक गोष्ट सांगितली. त्याचा मेहुणा कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्याच्या गेटसमोर टपरी चालवतो. तिथे म्हणे एक काळा कुत्रा पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की धावत येतो, बाहेर पडणाऱ्या एकेकाचं तोंड पाहतो आणि मान खाली घालून परत जातो. मी लगेच बाईंना फोन लावला आणि कालू दिवसभर काय करायचा ते विचारलं. खाणीचा भोंगा झाला की गेटवर जाऊन नवऱ्याला घरी आणायचा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तो कालूच होता, फक्त भलत्याच गेटवर मालक शोधत होता. तिथल्या ठाण्याला कळवलं, कामगाराला जीपमध्ये घेतलं आणि निघालो.

टपरीवर चौकशी केली तेव्हा कळलं, कुत्रा एका टेम्पोवाल्याकडे होता. हा टेम्पोवाला जवळच्या कापसाच्या गोदामाची राखणही करायचा, तिथेच त्याला गाठलं. पिल्लू असल्यापासून आपणच वाढवलं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. मी त्याला खोडून काढलं नाही. खोटं बोलणाऱ्याला कुरकुर करू द्यावी, कारण कुरकुरताना माणूस सावध राहत नाही. कुत्रा त्रास देतो का, एवढंच विचारलं.

"लय त्रास, साहेब. कंपनीचा भोंगा झाला का दोर तोडून गेटवर पळते. काऊन पळते, मले तं समजूनच नाई राह्यलं."

"तुझ्या घरचं कोण आहे कंपनीत?"

"कोनीच नाई."

"मग हा कुणाला आणायला शिकला?"

टेम्पोवाल्याचा चेहरा उतरला. माजरीला माल टाकायला गेलो होतो, कुत्रा धडधाकट दिसला, गाडीत घातला, असं तो सांगतोय तोच भोंगा झाला. गोदामामागून काहीतरी काळं सुसाट निघालं. आम्हीही जीप गेटकडे पळवली.

गेटवर पाळी सुटली होती. मी कामगाराला गर्दीत उतरवलं. तो भलतीकडेच पाहत होता आणि मागून सिमेंटचा ट्रक सावकाश वळत होता. त्याला अर्थातच काही ऐकू आलं नाही. मी ओरडणार तेवढ्यात कालू गर्दीतून घुसला. त्याने उडी मारली नाही, की तो भुंकलाही नाही. आधी मालकाच्या मांडीला अंग लावलं आणि त्याला ढकलत ढकलत कडेला नेलं. ट्रक गेला. मग मात्र त्याने मालकाला अक्षरशः खाली पाडलं. तो दांडगा माणूस धुळीत बसून हसत होता, रडत होता. आमचा हवालदारही डोळे पुसत होता आणि माझं काही वेगळं नव्हतं.

टेम्पोवाल्यावर गुन्हा नको, असं बाई फोनवर म्हणाल्या. मात्र त्याला फोन द्यायला लावून असं काही झापलं की आमच्या ताकिदीची गरजच उरली नाही. पंचांसमक्ष कालू मालकाच्या ताब्यात दिला.

हरवलेल्याला आपणच शोधतो, असा आम्हा पोलिसांचा समज असतो. तोही आपल्याला शोधत असतो, हे मला एका कुत्र्याने शिकवलं. पुढे कुणी हरवल्याची नोंद द्यायला आलं की कपडे, उंची, रंग नंतर विचारायचो. आधी विचारायचो, तो तुमची वाट कुठे पाहत बसेल? या प्रश्नावर घरचे लोक पुष्कळदा रडायचे, आणि पुष्कळदा माणूस तिथेच बसलेला सापडायचा.